हुक्केरीकरअण्णांची बाटली

एका कडक उन्हाच्या दुपारी आमच्या बाल्कनीत वरून एक इरकल साडी, दोन लुंग्या आणि एक टॉवेल एकदम येऊन पडले. मी तिथेच लॅपटॉप मांडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले होते. साडी नेमकी माझ्या डोक्यावर आली आणि पलीकडून क्लायंट विचारू लागला, "मॅडम, कॅमेरा बंद झाला का?" साडीतून तोंड बाहेर काढून मी वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून एक तुळतुळीत टक्कल खाली वाकलं होतं आणि त्याखालच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणाचा मागमूस नव्हता.

"मुंग्या!" ते गृहस्थ ओरडले. "मुंग्यांनी बत्तासा खाल्ला बघा!"

हे हुक्केरीकरअण्णा. मी मराठी आहे की तमिळ, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण अण्णांचा एक नियम होता. आनंद झाला की मराठी, राग आला की कन्नड आणि पेटंटचा विषय निघाला की इंग्रजी. मुंग्यांनी बत्तासा खाल्ला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, कारण त्यांचं यंत्र चालतं हे त्यामुळे सिद्ध झालं होतं.

थोड्याच वेळात ते आमच्या हॉलमध्ये बसून मला सगळं समजावून सांगत होते. कपडे वाळत घालायची दोरी, दोरीच्या टोकाला स्प्रिंग आणि स्प्रिंगला अडवून धरणारा बत्तासा. पावसाचे थेंब पडले की बत्तासा विरघळणार, स्प्रिंग सुटणार आणि सगळे कपडे सरकत छपराखाली जाणार. बंगळूरचा पाऊस काही कुणाला विचारून येत नाही, नवराबायको दोघं कामावर असतात, मग कपडे कोण काढणार? "वीज लागत न्हाई, मोबाईल लागत न्हाई," अण्णा म्हणाले. "फक्त मुंग्यांचा विचार राहून गेला. आणि स्प्रिंग स्वल्प जोरात बसली." स्वल्प म्हणजे किती, ते माझ्या मानेला कळलं होतं.

दारात एक ठेंगण्या, गोऱ्या बाई साडी न्यायला उभ्या होत्या. त्या सुमनअक्का. त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना चहा देऊ नकोस हं. चहा दिला की दुसरं यंत्र सांगतात."

मी पुण्याची. दारात आलेल्या माणसाला चहा देत नाहीत असं आमच्याबद्दल लोक बोलतात, म्हणून मी मुद्दाम दिला. अण्णांनी दुसरं यंत्र सांगितलं, मग तिसरंही सांगितलं.

अण्णा मूळ हुक्केरीचे, बेळगाव जिल्ह्यातले. तरुणपणी बंगळूरला आले आणि सारी नोकरी एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये केली. माणसाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेले तुकडे बाटल्यांमधून लॅबमध्ये येतात. ते बाटलीतून काढायचे, जाळीच्या छोट्या डबीत ठेवायचे, औषधांतून फिरवायचे, मेणात बसवायचे आणि शेवटी कागदाहून पातळ कापायचे. या सगळ्या विभागावर अण्णांची देखरेख होती. निवृत्त झाल्यावर सर्जापूर रोडवरच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांनी फ्लॅट घेतला आणि तिथल्या एका खोलीत आपला कारखाना थाटला.

मी मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात पेटंटचे अर्ज लिहिण्याचं काम करते, हे कळल्यावर मात्र अण्णांनी हातातला कप खाली ठेवला आणि चक्क उभे राहिले. देवळात गुरुजी आले की लोक उभे राहतात, तसे. "म्हणजे तू वकीलबाई!" मी म्हटलं, वकील नाही अण्णा, पेटंट एजंट. "तेच की," ते म्हणाले. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे मी वकीलबाई झाले. दोन शेजाऱ्यांनी घटस्फोटाबद्दल सल्लाही विचारला.

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा दिसायची ती लेबलं. पिठाच्या डब्यापासून देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर लेबल होतं. आत काय आहे, कधी भरलं आणि कुणी भरलं. "हरभरा डाळ. भरणारी: सौ." असं लिहिलेला डबा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. आणि लेबल नेहमी डब्याच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. याबाबतीत अण्णा कुणाचं ऐकत नसत. झाकणं बदलतात, अंग बदलत नाही. लॅबमध्ये बाटली उघडली, झाकणं शेजारी-शेजारी ठेवली आणि लावताना अदलाबदल झाली, तर एका माणसाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जातो. "लेबल अंगावर, झाकणावर न्हाई," हे ते इतक्यांदा म्हणत की कॉम्प्लेक्समधली मुलं त्यांना पाहिलं की कोरसमध्ये म्हणत. शाळेच्या बसपाशी उभे राहून ते मुलांच्या पाण्याच्या बाटल्या तपासत. झाकणावर नाव दिसलं की त्या मुलाच्या आईची धडगत नसे. नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका आईने मला घाबरून विचारलं होतं, "ते काका शाळेचे आहेत का हो?"

दुसरं तत्त्व असं, की वस्तूच अशी बनवायची की माणसाने चूक करायची ठरवली तरी त्याला ती करता येऊ नये. या तत्त्वावर त्यांनी नोकरीत बऱ्याच गोष्टी शोधल्या. काचेच्या पट्ट्या ठेवायचा ट्रे, जो उलटा बसतच नाही. नमुन्याची नळी, जी सरळ उभी केल्याशिवाय बंदच होत नाही. यांतल्या काहींची पेटंटं झाली होती. पण पेटंटाचा मालक लॅब आणि अण्णांचं नाव खाली बारीक अक्षरात, शोधणारा म्हणून. ते कायद्याला धरूनच होतं आणि अण्णांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. त्या प्रमाणपत्रांच्या प्रती मात्र त्यांनी फ्रेम करून घेतल्या होत्या. त्या त्यांच्या घरी संडासाच्या दाराला आतून लावलेल्या होत्या, कारण हॉलच्या भिंतीसाठी अक्कांनी परवानगी दिली नव्हती.

"हॉलमध्ये देव हायत," अक्का म्हणाल्या. "ज्या दिवशी मालक म्हणून ह्यांचं नाव येईल, त्या दिवशी लावा म्हटलंय देवांच्या शेजारी. दुसऱ्याच्या मालकीचं काय मिरवायचं?"

अक्का बोलायला अशा. अण्णांच्या घरगुती शोधांपैकी एकही त्यांनी कधी वापरला नाही. गरम इडलीपात्र उचलायचा चिमटा होता, अक्का पदराने उचलत. "पदर हाय की." लसूण सोलायची गरगर फिरणारी डबी होती, अक्का बोटांनी सोलत. "बोटं हायत की." कुकरची शिट्टी मोजून गॅस बंद करणारी एक कळ होती. तिने एकदा शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद केला आणि पाहुण्यांसमोर कच्चा भात आला, त्यानंतर तिचं नाव काढायचीही बंदी होती. अण्णा नवी वस्तू करून आशेने ओट्यावर ठेवत. अक्का ती दोन दिवस तशीच राहू देत, मग पुसून माळ्यावर टाकत. यावर भांडण असं कधी झालं नाही. अण्णा नुसते माळ्याकडे एकदा बघत आणि पुढच्या वस्तूला लागत.

पेटंटच्या अर्जाची भाषा माझ्याकडून ऐकून ऐकून अण्णांना फार आवडली होती. अर्जात एकदा झाकण म्हटलं की पुढे प्रत्येक वेळी 'सदर झाकण' म्हणावं लागतं. अण्णांनी ते घरात सुरू केलं. "सदर चहात साखर कमी हाय." अक्का कमी नव्हत्या. आतून आवाज यायचा, "सदर नवरा आंघोळीला जाणार हाय काय आज?"

आता बाटलीबद्दल सांगते.

सुईने काढलेला तपासणीचा तुकडा कधी कधी शेवयाच्या तुकड्याएवढा असतो, तितकाच बारीक आणि तितकाच तुटका. तो औषधाच्या बाटलीत घालून लॅबमध्ये येतो आणि तिथे कुणीतरी चिमट्याने शोधून बाहेर काढतो. अण्णांच्या नोकरीच्या दिवसांत एका म्हाताऱ्या बाईंचा असा तुकडा बाटलीत सापडेना. त्यांना परत बोलावून परत सुई टोचावी लागली. आणि मग तो तुकडा मिळाला, बाटलीच्या झाकणाच्या आतल्या खाचेत चिकटलेला. अण्णा हे सांगताना नेहमीसारखे हातवारे करत नसत. "ती बाई ओरडली न्हाई," ते म्हणत. "नुसतं 'अजून एकदा काय?' म्हणून विचारलं. मी शेजारी उभा हुतो."

तेव्हापासून ही बाटली त्यांच्या डोक्यात होती. निवृत्तीनंतर ती जमली. बाटलीत एक बारीक जाळीची वाटी असते. झाकण फिरवायला लागलं की आतल्या मळसूत्रावरून ती वाटी आपोआप वर येते, औषधाच्या बाहेर येऊन थांबते, निथळते आणि झाकण उघडेपर्यंत तुकडा समोर हजर. वाटी तशीच काढायची आणि पुढच्या यंत्रात ठेवायची. चिमटा नाही, शोधाशोध नाही, तुकडा झाकणाला चिकटायची सोय नाही. मी आमच्या नेहमीच्या पद्धतीने जगभरची पेटंटं धुंडाळली. लोणच्याच्या बरणीतून जाळी हाताने उचलायच्या युक्त्या खूप सापडल्या, पण झाकण फिरवताच वर येऊन थांबणारी आणि निथळणारी वाटी कुठेच नव्हती. आमचे मालक शेणॉय सर सहसा कशाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी बाटली उघडली, बंद केली, परत उघडली आणि म्हणाले, "ही होईल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मालक हुक्केरीकर, शोधणारा हुक्केरीकर. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत इतकी हाव मी पहिल्यांदा पाहिली आणि ती मला फार आवडली.

फक्त एक अट होती. अर्ज दाखल होईपर्यंत बाटली कुणालाही दाखवायची नाही. वस्तू अर्जाच्या दिवशी नवीन असली पाहिजे. त्याआधी ती चारचौघांत आली, तर ती जुनी झाली, मग शोधणारा तुम्ही स्वतः का असेना. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आणि अण्णांच्या स्वभावाला पहिला सुरुंग. ज्या माणसाने लसूण सोलायची डबी पाणीवाल्यालासुद्धा दोनदा दाखवली होती, त्याला आयुष्यातली सगळ्यात चांगली वस्तू लपवून ठेवायची होती.

ते दिवस विसरता येत नाहीत. अण्णा बाटली कापडी पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून फिरत. घरी ठेवली तर चोरीला जाईल अशी भीती. लिफ्टमध्ये कुणी काही न विचारताच ते म्हणत, "ह्यात बाटली हाय. पण कसली ते सांगता येत न्हाई." चांगल्या घरचा निवृत्त माणूस दिवसाढवळ्या पिशवीत बाटली घेऊन फिरतो आणि कसली ते सांगत नाही, ही बातमी बेळ्ळंदूरपर्यंत पोचली असावी. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकलना काही त्रास आहे का? आमच्या ओळखीचं एक चांगलं केंद्र आहे."

रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येत. "तुला दाखवलेलं चालतंय न्हवं?" मी चालतं म्हटलं की बाटली बाहेर येई. झाकण फिरे, वाटी वर येई आणि अण्णा माझ्या तोंडाकडे बघत. मीही दर वेळी "वा!" म्हणत असे. सोपं नव्हतं ते, कारण अर्जाची चित्रं तयार होत आली की अण्णा काहीतरी बदलत. निथळायची भोकं लहान केली, मग मोठी केली. शेवटी चित्रं पक्की झाली आणि शेणॉय सरांनी अर्ज दाखल करायचा सोमवार ठरवला. पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या साचेवाल्याकडून, त्याची गुप्ततेच्या कागदावर सही घेऊन, बाटल्यांचा पहिला घाणाही येऊन पडला होता. त्याने थोड्या बाटल्या काढून द्यायला साफ नकार दिला होता, त्यामुळे अण्णांच्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत खोकी होती. अर्ज झाला की त्या लॅबना वापरून बघायला द्यायच्या होत्या.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी अक्कांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

मी ऑफिसमधून सरळ तिकडेच गेले. हॉल बायकांनी भरलेला होता. पुणं, मुंबई, नागपूर, निपाणी सगळं होतं आणि समोरच्या कन्नड शेजारणी त्यांचा तिळगूळ, म्हणजे एळ्ळू-बेल्ल, घेऊन आल्या होत्या. मी हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ घेतला, ओंजळ पुढे केली आणि अक्कांनी माझ्या हातात वाण ठेवलं.

बाटली होती.

 मागे हॉलमध्ये बायका झाकणं फिरवत होत्या. "अय्या, वर आलं बघ!" "परत कर, परत कर!" मध्ये टीपॉयवर एक बाटली लिंबाच्या लोणच्याने भरून ठेवली होती आणि अक्का स्वतः, इतक्या वर्षांत नवऱ्याची एक वस्तू हातात न धरलेल्या अक्का, झाकण फिरवून फोडी वर आणून दाखवत होत्या. "बघा, खारात बोटं घालायला नकोत. निथळून येतंय." कन्नड शेजारीण म्हणाली, "तुंब चेन्नागिदे अक्का." फारच छान आहे. नागपूरच्या आईने व्हिडिओ काढून कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर टाकलाही होता. माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजला, तो तोच व्हिडिओ.

मी अण्णांना शोधलं. ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते आणि हॉलमध्ये डोकावत होते. त्यांनी मला पाहिलं आणि पटकन आत सरकले. मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसलाय.

दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही मी त्यांना ऑफिसात घेऊन गेले. शेणॉय सरांनी सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि मग शांतपणे कायदा सांगितला. सगळं संपलेलं नाही. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच कुणी वस्तू उघड केली असेल, तर कायदा सवलत देतो, फक्त अर्ज ताबडतोब करायला हवा. "तुमच्या मिसेसनी तुम्हाला न विचारता बाटल्या वाटल्या, एवढं प्रतिज्ञापत्र द्या. बाकी मी बघतो."

मसुदा मी केला होता. अण्णांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. 'सदर पत्नीने' या शब्दांपाशी ते खुदकन हसले. "सदर पत्नी! तिला दाखवायला पायजे हे." मग पुढचं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"पण विचारलं हुतं तिनं," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वाणासाठी मागवलेल्या स्टीलच्या वाट्या आल्याच नव्हत्या. शुक्रवारी दुपारी अक्का खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणाली, अहो, ह्या बाटल्या लुटू काय वाण म्हणून? बऱ्या हायत. लोणच्याला लई बऱ्या हायत." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "वकीलबाई, आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते सोड. माझ्या हातच्या वस्तूला तिनं बरी म्हणायची ही पहिली वेळ. आणि स्वतःहून मागितली. तिला नियम ठाऊक न्हवता, पण मला ठाऊक न्हवता काय? तूच रोज घोकून घेत हुतीस. सगळं ठाऊक हुतं. तरी तोंडातनं 'सरी', बरं, लूट जा, असं निघून गेलं."

शेणॉय सर म्हणाले, "हे तुम्हा दोघांनाच माहीत आहे ना? मग इथे लिहायची गरज काय?"

मीही तेच म्हटलं. खूप बोलले मी त्या दिवशी. अक्कांना काही शिक्षा होत नाही, कुणाचं नुकसान होत नाही, सरकारी फायलीतला एक कागद, कोण वाचतंय? मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा रागही इतका येत होता, की वाटलं, मीच त्यांच्या नावाने सही ठोकावी.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी आणि लेबल तिच्या अंगावर लावू? सदर पत्नीने न विचारता केलं म्हणून कायमचं लिहून ठेवू? जन्मभर दुसऱ्यांना ह्याच्यावरनंच शिव्या घातल्या मी." मग शेणॉय सरांना इंग्रजीत, अगदी अर्जाच्या भाषेत म्हणाले, "सर, द सेड हजबंड गेव्ह कन्सेंट." आणि मला विचारलं की बाटलीची चित्रं छान आली आहेत, ती घरी नेली तर चालतील का.

ऑफिसच्या खाली उतरल्यावर त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की अक्कांना यातलं काही कळू द्यायचं नाही.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा अक्कांनीच विषय काढला. "काय झालं हो तुमच्या त्या अर्जाचं?"

"न्हाई जमलं," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "कुणीतरी आधीच लोकांना दाखवलंय म्हणे ते."

"कोण मेला तो?"

"हाय एक येडा."

अक्कांनी त्या येड्याचा उद्धार सुरू केला. नवऱ्याची एक वस्तू कधी नाही ती कामाची निघाली आणि तीही कुणी उपटली, या कल्पनेने त्यांचं डोकंच फिरलं होतं. त्याच्या हाताला खरूज येवो, त्याची बरणी बुरसो, त्याच्या बायकोचं लोणचं नासो. अण्णा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणून मान डोलवत होते. "त्याची बायको काय करणार बिचारी," एवढंच मध्ये म्हणाले. मी उठून बाल्कनीत गेले, कारण हसू आणि दुसरं जे येत होतं ते, दोन्ही लपवणं मला जमेना.

पेटंट गेल्यावर अण्णा खचतील असं मला वाटलं होतं. आठवडाभर बाटलीची पिशवी दाराच्या कडीला लटकत राहिली. मग एक दिवस त्यांनी साचेवाल्याला फोन केला आणि सांगितलं की जो मागेल त्याला काढून दे, मला विचारायला येऊ नकोस. लहान लहान नर्सिंग होमना, गल्लीतल्या लॅबना ते स्वतः जाऊन बाटल्या दाखवू लागले. काहींनी घेतल्या, काहींनी दारातूनच परत पाठवलं. अण्णांना त्याचं फारसं वाटत नव्हतं. आता बाटली कुणापासून लपवायची नव्हती. इतके दिवस कोंडून ठेवलेली सगळी व्याख्यानं एकदमच बाहेर पडत होती आणि अक्का म्हणत, "त्यापेक्षा पेटंट मिळालं असतं तर बरं, घरात तरी बसले असते."

पुढे अण्णांची तब्येत बिघडली. दोघं मुलीकडे बेळगावला गेली, आणि तिथेच अण्णा गेले. अक्कांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी मारतहळ्ळीच्या पुलाखाली रिक्षात बसले होते. घरापर्यंत रडत आले. रिक्षावाल्याने "येनायतु अक्का?", काय झालं, म्हणून दोनदा विचारलं, पण मला सांगता येईना.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांनी बंगळूर सोडण्याच्या थोडं आधी. सकाळची वेळ होती, सर्जापूर रोड नेहमीसारखा तुंबलेला. माझी कॅब एका छोट्या नर्सिंग होमसमोर अडकली होती. फुटपाथवर, फाटकापाशी, अण्णा दिसले. बाटली हातात उंच धरून ते तिथल्या वॉचमनला काहीतरी समजावत होते. आत कुणी भेटलं नसावं, म्हणून वॉचमन. तो बिचारा एका हाताने गाड्यांना आत घेत होता आणि दुसऱ्या हाताने कान खाजवत होता. अण्णा मळसूत्रापर्यंत पोचले होते, हे त्यांच्या बोटांवरून मला कळलं. म्हणजे अजून बराच वेळ लागणार होता. शेजारी अक्का उभ्या होत्या.

मी काच खाली केली. हाक मारणार होते, तेवढ्यात अक्कांनी आपली पर्स अण्णांच्या हातात दिली आणि त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. वॉचमनच्या नाकासमोर धरली आणि झाकण फिरवलं. वाटी वर आली. वॉचमनचं तोंड उघडंच राहिलं.

"इदु नम्म यजमानरु माडिद्दु," अक्का मोठ्याने म्हणाल्या. हे आमच्या ह्यांनी केलंय.

पुढची गाडी हलली, मागून हॉर्न सुरू झाले आणि आमची कॅब निघाली. मी मान वळवून शक्य तितका वेळ बघत राहिले.  बायकोची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून अण्णा नुसते उभे होते.